आरसा काळाच राहतो तेव्हा: घरगुती स्मार्ट आरशाच्या सॉफ्टवेअरची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर बुकवर्म आवृत्तीची कार्यप्रणाली घालून मॅजिकमिरर हे सॉफ्टवेअर बसवले, अर्धपारदर्शक काचेमागे जुना मॉनिटर उभा लावला आणि पहिल्या संध्याकाळी घड्याळ व दिनदर्शिका दिसू लागली. त्यानंतर मात्र पडदा उभा फिरवण्याची जुनी युक्ती चालेना, हवामानाच्या जागी ‘लोड होत आहे’ एवढेच दिसत राहिले आणि एक नवे मॉड्यूल (घड्याळ, हवामान असा एखादा भाग दाखवणारा जोड) जोडून बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर सगळाच पडदा काळा झाला. तीन वेळा मेमरी कार्ड पुसून सगळे नव्याने बसवले, तरी दोन दिवसांत आरसा पुन्हा त्याच अवस्थेला येतो. यात नेमके काय चुकते आहे?

माझ्या मते तुमच्या आरशात एक नव्हे, तीन बिघाड आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. कार्ड पुसल्याने ते काही काळ झाकले जातात, पण त्याबरोबर लॉगही पुसला जातो, आणि नेमके काय घडले हे सांगू शकणारी एकमेव नोंद हातची जाते. गेली अनेक वर्षे मी स्वतःसाठी आणि ओळखीच्या लोकांसाठी असे आरसे बनवतो व दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून आग्रहाने सांगतो की, बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत काहीही नव्याने इन्स्टॉल करू नये आणि एका वेळी एकाहून अधिक गोष्टी बदलू नयेत.

इतर यंत्रांना नसलेली एक अडचण स्मार्ट आरशाला असते. इथे काळा रंग हा बिघाड नसून रचनेचाच भाग आहे. पडद्यावर जिथे काळे असते तिथून काचेपर्यंत प्रकाश पोचत नाही आणि तेवढी जागा आरसा बनते. त्यामुळे बोर्डाला वीज पोचली नाही, कार्यप्रणाली सुरू झाली नाही, सर्व्हर कोसळला, खिडकी उघडली पण आत काही आले नाही, किंवा सगळे ठीक असून मॉड्यूलला जागाच नेमून दिली नव्हती, या पाचही स्थितींत समोर उभ्या माणसाला फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. म्हणून पहिले काम या पाच स्थिती एकमेकींपासून वेगळ्या करण्याचे आहे.

खोलीतले दिवे मालवून काचेच्या कडेने तिरके पाहा. एलसीडी मॉनिटरचा मागचा दिवा चालू असेल तर पूर्ण काळ्या पडद्यावरही फिकट राखाडी झाक दिसते. ती दिसली तर मॉनिटरपर्यंत सिग्नल येतो आहे आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. झाक नसेल तर मॉनिटर झोपला आहे किंवा सिग्नलच नाही. रास्पबेरी पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय जोडण्या असतात. त्यांपैकी विजेच्या जोडणीला लागून असलेली पहिली मानली जाते, तिचाच वापर करा. त्यानंतर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दुरून टर्मिनल वापरण्याच्या सोयीने) बोर्डात शिरता येते का ते पाहा. शिरता आले तर काच आणि चौकट उघडण्याची गरज नाही, पुढचे सगळे तिथूनच होते. (या उत्तरात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप कराव्यात. पुढे येणारी ‘डिस्प्ले’सारखी चलांची नावे मात्र मोठ्या अक्षरांत.)

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी विजेची तपासणी करा, कारण अपुरी वीज सॉफ्टवेअरच्या बिघाडासारखीच दिसते. बोर्डात ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड चालवली की एक आकडा मिळतो. तो ‘०एक्स०’ असेल तर बोर्ड सुरू झाल्यापासून विजेची किंवा तापमानाची तक्रार झालेली नाही. ‘०एक्स५००००’ आले तर मागे कधीतरी व्होल्टेज पडले होते आणि प्रोसेसरचा वेग कमी करावा लागला होता. शेवटी शून्याऐवजी पाच येऊन ‘०एक्स५०००५’ झाले, तर ते या क्षणीही चालू आहे. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा पुरवठा लागतो, आणि व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेले की बोर्ड त्याची नोंद करतो. मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक तारेची केबल हे आरशांत वारंवार दिसणारे जोडपे इथेच कमी पडते. माझ्या पहिल्या आरशात तीन रात्री मी मॉड्यूल काढत-घालत बसलो होतो. घड्याळ नीट चालायचे आणि छायाचित्रांचे मॉड्यूल सुरू झाले की अर्ध्या तासात सगळे गोठायचे. शेवटी हा आकडा पाहिला, पुरवठा बदलला, आणि एकही ओळ न बदलता आरसा महिनोन्‌महिने चालला. ‘दोन दिवसांत पुन्हा तीच अवस्था’ हे तुमचे वर्णन वाचल्यावर मला पहिली शंका याचीच आली, कारण व्होल्टेज पडत असताना कार्डावर लेखन झाले तर फायली खराब होतात. बंद चौकटीत हवा खेळत नसेल तर उष्णताही हेच करते. तापमान ८० अंश सेल्सिअसला पोचले की बोर्ड आपला वेग आवरतो, म्हणून चौकटीला खाली आणि वर भोके ठेवा.

आता मुख्य तपासणी. मॅजिकमिररचे दोन भाग आहेत. एक भाग नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारा सर्व्हर, जो कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल वाचतो, दिनदर्शिका आणतो आणि मॉड्यूलचे मागचे काम करतो. दुसरा भाग ब्राउझरसारखी खिडकी, जी इलेक्ट्रॉन नावाचे सॉफ्टवेअर उघडते आणि जिच्यात घड्याळ प्रत्यक्ष दिसते. ‘एनपीएम स्टार्ट’ ही नेहमीची कमांड दोन्ही भाग एकाच प्रक्रियेत सुरू करते, त्यामुळे खिडकी उघडू शकली नाही तर सर्व्हरही मरतो आणि दोष कोणाचा ते कळत नाही. त्यांना वेगळे करण्यासाठी ‘एनपीएम रन सर्व्हर’ ही कमांड आहे. ती खिडकी न उघडता फक्त सर्व्हर चालवते. त्याआधी पीएम२ ने (प्रोग्राम आपोआप चालू ठेवणाऱ्या साधनाने) मागे चालवलेला आरसा ‘पीएम२ स्टॉप ऑल’ने थांबवायला विसरू नका, नाहीतर ८०८० हे पोर्ट (सर्व्हरच्या जोडणीचा क्रमांक) आधीच वापरात असल्याची त्रुटी येईल आणि तुम्ही नसलेल्या बिघाडाच्या मागे लागाल. सर्व्हर सुरू झाल्यावर दुसऱ्या टर्मिनलमधून ‘कर्ल लोकलहोस्ट:८०८०’ चालवा. एचटीएमएलचा मजकूर आला तर सर्व्हर धडधाकट आहे आणि शोध पडदा, इलेक्ट्रॉन आणि आपोआप सुरू होण्याची व्यवस्था यांत घ्यायचा. जोडणी नाकारली गेली तर दोष कॉन्फिगमध्ये, एखाद्या मॉड्यूलमध्ये किंवा नोडच्या आवृत्तीत आहे. या एका पायरीने अर्धे काम होते.

कॉन्फिगबद्दल एक खूण लक्षात ठेवा. कॉन्फिग फाइलमध्ये व्याकरणाची चूक असेल तर मॅजिकमिरर पूर्ण काळा राहत नाही. तो मूळ ठेवणीवर सुरू होतो आणि कॉन्फिग फाइल तयार करा किंवा असलेली तपासा, अशी इंग्रजी सूचना पडद्याच्या मध्यभागी दाखवतो. ती दिसत असेल तर दुसरीकडे कुठेही न शोधता ‘एनपीएम रन कॉन्फिग:चेक’ चालवा, चूक कोणत्या ओळीत आहे ते कळते. मात्र दाखवलेली ओळ ही वाचणारा जिथे अडखळला ती असते, चूक जिथे झाली ती नव्हे. उदाहरण घेऊ. घड्याळाच्या मॉड्यूलची नोंद एकेचाळिसाव्या ओळीवर महिरपी कंसाने संपते, पण कंसानंतरचा स्वल्पविराम राहून गेला आहे. बेचाळिसाव्या ओळीवर पुढच्या मॉड्यूलचा कंस उघडतो. तपासणी सांगेल की बेचाळिसाव्या ओळीवर अनपेक्षित कंस आला. ती ओळ कितीही न्याहाळली तरी तीत काही सापडत नाही, कारण ती बरोबरच आहे. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या आधीच्या ओळीचे शेवटचे अक्षर नेहमी पाहावे.

दुसरी चूक डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. एखाद्या लेखातून किंवा संदेशातून नोंद उचलून चिकटवली की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी छपाईतली वळणदार चिन्हे येतात. माणसाला ती अधिक देखणी वाटतात, जावास्क्रिप्टला ती कळत नाहीत. चिकटवलेल्या नोंदीतली सगळी अवतरणचिन्हे स्वतः पुसून पुन्हा टाइप करणे हाच खात्रीचा उपाय आहे. मी आजही तेच करतो.

व्याकरण बरोबर असूनही मॉड्यूल दिसत नसेल तर त्याला जागा दिली आहे का ते पाहा. जागेचे नाव ‘टॉप_लेफ्ट’ असे अंडरस्कोरने लिहायचे असते, जोडरेषेने नव्हे. जागा दिलीच नाही तर मॉड्यूल चालू राहते पण पडद्यावर येत नाही. मॉड्यूलचे नाव आणि त्याच्या फोल्डरचे नाव यांत लहान-मोठ्या अक्षरांचाही फरक चालत नाही.

आता तुमच्या काळ्या पडद्याकडे येतो. तुम्ही म्हणता की सूचनाही दिसत नाही, सगळे काळे आहे, आणि हे नवे मॉड्यूल जोडून बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर झाले. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: मॉड्यूल आले आणि आरसा पहिल्यांदाच आपोआप सुरू झाला. दोन्ही संशयित आहेत.

मॉड्यूलचा संशय आधी फेडू. बाहेरचे मॉड्यूल मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये नुसते उतरवून भागत नाही. त्याला स्वतःची पॅकेज लागत असतील तर त्याच्या फोल्डरमध्ये शिरून ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवावे लागते. ते राहिले तर लॉगमध्ये अमुक मॉड्यूल सापडत नाही अशी त्रुटी येते, आणि मॅजिकमिररच्या काही आवृत्त्यांत एवढ्यावरून सर्व्हर उभाच राहत नाही व खिडकी काळी राहते. त्रुटीत ‘रिक्वेस्ट’ या पॅकेजचे नाव असेल तर तुम्ही घेतलेले मॉड्यूल जुने आहे. हे पॅकेज २०२० च्या फेब्रुवारीत त्याच्या कर्त्यांनीच कालबाह्य ठरवले आणि पुढे मॅजिकमिररबरोबर ते येणेही बंद झाले. अशा वेळी त्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये ते वेगळे इन्स्टॉल केले की काम भागते, पण ज्या मॉड्यूलची कोणी देखभाल करत नाही ते बदलून टाकणे मला अधिक पसंत आहे. त्रुटीत ‘नोड_मॉड्यूल_व्हर्जन’ हे शब्द आणि दोन वेगळे आकडे दिसले तर प्रकार निराळा आहे. सेन्सर किंवा ब्लूटूथसारख्या हार्डवेअरशी बोलणाऱ्या पॅकेजचा काही भाग कंपाइल केलेला असतो, तो नोडसाठी तयार झाला आहे आणि चालवणारा इलेक्ट्रॉन आहे. ‘इलेक्ट्रॉन-रीबिल्ड’ नावाचे साधन तो भाग इलेक्ट्रॉनसाठी पुन्हा बांधून देते.

कोणते मॉड्यूल दोषी ते लॉगवरून कळत नसेल तर निम्म्या मॉड्यूलच्या नोंदींत ‘डिसेबल्ड: ट्रू’ घाला आणि आरसा सुरू करा. चालला तर दोषी बंद केलेल्या निम्म्यांत आहे, नाही चालला तर उरलेल्यांत. सोळा मॉड्यूल असली तरी चार फेऱ्यांत नाव हाती येते. नोंदी पुसत बसू नका, पुसलेली नोंद परत लिहिताना नवी चूक होते.

लॉग वाचण्याबद्दल दोन गोष्टी सांगणे भाग आहे, कारण अनेकांना मी चुकीच्या ओळीमागे धावताना पाहिले आहे. अमुक मॉड्यूलसाठी हेल्पर सापडला नाही, ही ओळ त्रुटी नव्हे. ज्या मॉड्यूलला सर्व्हरकडचा भाग लागतच नाही त्या प्रत्येकासाठी ती येते आणि निरोगी आरशातही ती असते. दुसरे असे की, पीएम२ जुना लॉग साठवून ठेवतो आणि ‘पीएम२ लॉग्ज’ दिल्यावर आधी तोच दाखवतो, त्यामुळे गेल्या आठवड्यात मिटलेली त्रुटी आजची वाटते. आधी ‘पीएम२ फ्लश’ने लॉग रिकामा करा, मग आरसा सुरू करा, मग वाचा. वरून खाली वाचत या आणि पहिल्या खऱ्या त्रुटीपाशी थांबा, कारण तिच्यानंतरच्या बहुतेक त्रुटी तिच्यातूनच निघालेल्या असतात.

दुसरा संशयित म्हणजे आपोआप सुरू होण्याची व्यवस्था. ‘एनपीएम स्टार्ट’ हाताने दिल्यावर आरसा चालतो आणि बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर चालत नाही, असे असेल तर कॉन्फिगला हात लावू नका, ते निर्दोष आहे. पीएम२ बोर्डाबरोबर जागा होतो, डेस्कटॉपला मात्र वेळ लागतो. डेस्कटॉप नसताना इलेक्ट्रॉनला खिडकी उघडायला जागा मिळत नाही, तो बंद पडतो, पीएम२ त्याला पुन्हा उठवतो, आणि काही प्रयत्नांनंतर हात टेकून त्याच्यापुढे ‘एरर्ड’ अशी नोंद करतो. आरसा सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत ‘स्लीप २०’ (वीस सेकंद थांब) घातले की बहुतेक वेळा हे मिटते. त्याच स्क्रिप्टमध्ये पडदा कोणता हे सांगणारे ‘डिस्प्ले=:०’ असावे, आणि बोर्डाच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपवर आपोआप लॉगिन होण्याचा पर्याय निवडलेला असावा. शिवाय ‘पीएम२ स्टार्टअप’ ही कमांड स्वतः काही बसवत नाही. ती एक लांब ओळ छापते आणि ती ओळ उचलून तुम्हाला चालवावी लागते, त्यानंतर ‘पीएम२ सेव्ह’ द्यावे लागते. ही छापलेली ओळ न चालवणे ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक आहे.

यातच सुडोचा प्रश्न येतो. काही चालले नाही की कमांडच्या पुढे ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालव) लावण्याचा मोह होतो. मॅजिकमिररच्या फोल्डरमध्ये एकदा जरी ‘सुडो एनपीएम इन्स्टॉल’ दिले तर काही फायलींची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे जाते आणि पुढे साध्या वापरकर्त्याला परवानगी नाकारल्याच्या त्रुटी येत राहतात. तसे झाले असेल तर ‘सीएचओन’ने संपूर्ण फोल्डरची मालकी परत आपल्या नावावर करा.

पडदा उभा न होण्याचे कारण तुमच्या चुकीत नसून तुम्ही वाचलेल्या मार्गदर्शिकेच्या वयात आहे. इंटरनेटवरच्या बऱ्याच सूचना जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या काळातल्या आहेत, जेव्हा बोर्डाच्या कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलमध्ये ‘डिस्प्ले_रोटेट’ची एक ओळ घातली की पडदा फिरायचा. आताच्या केएमएस ड्रायव्हरला ती ओळ समजत नाही आणि तो ती निमूटपणे सोडून देतो, म्हणून त्रुटीही दिसत नाही. त्यात बुकवर्ममध्ये ही फाइल बूट फोल्डरमधून त्याच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये हलली, त्यामुळे काही जण भलतीच फाइल बदलत बसतात. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या बुकवर्मपासून पाय ४ वर पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या एक्स११ च्या जागी वेलँड ही नवी व्यवस्था मूळ ठेवणीत आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून तिच्यात वेफायर या खिडक्या हाताळणाऱ्या प्रोग्रामऐवजी लॅबडब्ल्यूसी आले. म्हणजे एकाच बोर्डासाठी पडदा फिरवण्याचे चार निरनिराळे सल्ले सापडतात आणि चारही आपापल्या काळात बरोबर होते.

तुमच्यासाठी सर्वांत सोपा मार्ग डेस्कटॉपच्या मेनूतून जातो. एकदा कीबोर्ड-माउस जोडून स्क्रीन कॉन्फिगरेशनमध्ये पडद्याची दिशा बदला आणि जतन करा. कमांडने करायचे तर वेलँडमध्ये ‘डब्ल्यूएलआर-रँडर’ आणि एक्स११ मध्ये ‘एक्सरँडर’ वापरतात. एकाची कमांड दुसऱ्यात चालत नाही. सेन्सरने किंवा वेळापत्रकाने पडदा बंद-चालू करणारी जुनी मॉड्यूल एक्स११ गृहीत धरूनच लिहिलेली आहेत. तुम्हाला अशी तीन-चार मॉड्यूल हवी असतील तर ‘रास्पी-कॉन्फिग’ या बोर्डाच्या सेटिंग साधनाच्या प्रगत पर्यायांत जाऊन बोर्ड सरळ एक्स११ वर आणणे मी शहाणपणाचे मानतो. एकच घड्याळ आणि हवामान पुरेसे असेल तर वेलँडवरच राहा. मॅजिकमिररमध्ये दोन्हींसाठी सुरू करण्याच्या वेगळ्या कमांड आहेत, तेव्हा तुमच्या व्यवस्थेला लागू पडणारीच स्क्रिप्टमध्ये घाला.

रात्री पडदा बंद करण्याचेही असेच आहे. ‘व्हीसीजेनसीएमडी डिस्प्ले_पॉवर ०’ ही प्रसिद्ध कमांड केएमएसवर पडदा बंद करत नाही. तिथे डब्ल्यूएलआर-रँडरने त्या जोडणीला ‘ऑफ’ सांगावे लागते. हीच कमांड टर्मिनलमध्ये चालते आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) चालत नाही, अशी तक्रार फार वेळा येते. क्रॉनला डेस्कटॉपचा पत्ता माहीत नसतो, म्हणून ‘वेलँड_डिस्प्ले’ आणि ‘एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर’ ही दोन चले त्याच ओळीत कमांडच्या आधी द्यावी लागतात. उलट तक्रार, म्हणजे काही मिनिटांनी पडदा आपोआप मालवतो, ती कार्यप्रणालीच्या स्क्रीन ब्लँकिंगची आहे आणि रास्पी-कॉन्फिगच्या डिस्प्ले पर्यायांत बंद करता येते.

उरले हवामान. ‘लोड होत आहे’ याचा अर्थ मॉड्यूल जिवंत आहे, माहिती येत नाही. लॉगमध्ये ४०१ हा आकडा शोधा. तो असेल तर हवामान सेवेने तुमची की (सेवा वापरण्यासाठी मिळालेला गुप्त संकेत) नाकारली आहे. ओपनवेदरमॅपची नवी की लगेच चालू होत नाही, तिला काही वेळा दोन-एक तास लागतात, तेव्हा खाते उघडल्यावर दहा मिनिटांत की चुकीची ठरवून बदलू नका. सध्याचे हवामान आणि पुढचा अंदाज या मॅजिकमिररमध्ये दोन स्वतंत्र नोंदी आहेत आणि की दोन्हींत द्यावी लागते. एक चालते आणि दुसरी अडते, तेव्हा हेच कारण असते. तुमच्या नोंदीत ओपनवेदरमॅपची वनकॉल ही सेवा आणि २.५ ही आवृत्ती असेल तर की बरोबर असूनही ४०१ येईल, कारण ती सेवा २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली आणि तिच्या जागी आलेल्या ३.० साठी वेगळी वर्गणी नोंदवावी लागते. दिवसाला १००० विनंत्यांपर्यंत ती मोफत असली तरी नोंदणीला बँकेचे कार्ड द्यावे लागते. मला स्वतःला हा व्याप नको असतो. मॅजिकमिररच्या हवामान मॉड्यूलला ओपन-मेटिओ हा पुरवठादारही कळतो. त्याला घरगुती वापरासाठी की लागत नाही, फक्त अक्षांश आणि रेखांश दिले की पुरते. गेल्या काही आरशांत मी तोच वापरला आहे. ४२९ हा आकडा दिसला तर मात्र विनंत्या जास्त झाल्या आहेत. चाचणीच्या दिवशी आरसा वारंवार सुरू केल्याने तसे होते आणि थांबल्याने जाते.

हवामान आणि दिनदर्शिका दोन्ही एकदम बंद पडली आणि लॉगमध्ये प्रमाणपत्राची तक्रार असेल, तर बोर्डाची तारीख पाहा. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज गेल्यावर तो मागची जतन केलेली वेळ धरून उठतो आणि नेटवर्क मिळाल्यावर वेळ दुरुस्त करतो. नेटवर्क उशिरा आले तर त्या मधल्या काळात सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. वर सांगितलेला वीस सेकंदांचा विराम इथेही उपयोगी पडतो. गूगल कॅलेंडर एकटेच येत नसेल आणि ४०४ दिसत असेल, तर तुम्ही सार्वजनिक पत्ता घेतला आहे. खाजगी दिनदर्शिकेसाठी सेटिंगमधला आयकॅल स्वरूपाचा गुप्त पत्ता घ्यावा लागतो. नोंदी मराठीत असून त्यांच्या जागी चौकोन दिसत असतील तर कार्यप्रणालीत देवनागरी फॉन्ट नाही. नोटो फॉन्टचे पॅकेज बसवून आरसा पुन्हा सुरू करा.

सगळे स्थिरावले की कॉन्फिग.जेएस आणि कस्टम.सीएसएस या दोन फायली दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवा. आरशात खऱ्या अर्थाने तुमचे एवढेच असते, बाकी सगळे पुन्हा मिळते. मॅजिकमिररची नवी आवृत्ती दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला येते. प्रत्येक वेळी घेतलीच पाहिजे असे नाही, पण घ्यायच्या आधी तिला नोडची किमान कोणती आवृत्ती लागते ते वाचा, कारण जुन्या नोडवर नवा आरसा सुरूच होत नाही. फोन किंवा लॅपटॉपवरून आरसा पाहण्यासाठी कॉन्फिगमधला पत्ता ‘०.०.०.०’ करून परवानगी असलेल्या आयपींच्या (नेटवर्क पत्त्यांच्या) यादीत घरचे नेटवर्क घालता येते, मात्र ते पोर्ट राउटरमधून बाहेर उघडू नका. आरसा आपले कॉन्फिग ब्राउझरला पुरवतो, आणि त्यात तुमच्या की आणि दिनदर्शिकेचा गुप्त पत्ता असतो.

आता तुम्ही या क्रमाने जा: आधी विजेचा आकडा, मग पीएम२ थांबवून नुसता सर्व्हर, मग नवे मॉड्यूल बंद ठेवून हाताने सुरुवात, आणि हे तिन्ही नीट झाल्यावरच आपोआप सुरू होण्याची व्यवस्था. पडद्याची दिशा आणि हवामान त्यानंतर घ्या, ती घाईची नाहीत. कुठे अडलात तर लॉग रिकामा करून एकदा आरसा सुरू करा आणि पहिल्या त्रुटीपासूनच्या तीसेक ओळी, नोडची आवृत्ती, बोर्ड वेलँडवर आहे की एक्स११ वर, आणि थ्रॉटल्डचा आकडा एवढे कळवा. ओळी पाठवण्यापूर्वी त्यातली की आणि दिनदर्शिकेचा पत्ता पुसून टाका.